प्रश्न तुमचे, उत्तरं बाईंची : आठवीचा इतिहास, आठवीचा भूगोल आणि आपली खाडी

या वेळी पत्रांपेक्षा व्हॉट्सॲपच जास्त आले, आणि गंमत म्हणजे बहुतेक सगळ्यांचा विषय एकच, सहावी ते आठवीच्या पोरांना इतिहास-भूगोल शिकवायचा कसा. काही प्रश्न लांबलचक होते, ते कापून-छाटून देतेय, राग मानू नका.

प्रश्न : मॅडम, आठवीचा इतिहास आणि भूगोल दोन्ही माझ्याच गळ्यात आहेत. इतिहासात वखारी, प्लासी, तैनाती फौज. मुलं पाठ करतात, पेपरात ओकतात, पुढच्या आठवड्यात कोरी. भूगोलाचं तर बोलायलाच नको. दोन्ही एकत्र शिकवा असं प्रशिक्षणात सांगतात, पण कसं ते कोणी सांगत नाही. (शिक्षिका, लांजा)

प्रशिक्षणात ते कधीच सांगत नाहीत हो, चहा-बिस्किटं तेवढी वेळेवर येतात. तर मी काय करायचे ते सांगते. प्लासीच्या धड्याआधी विजयदुर्ग घ्यायचा.

प्लासी १७५७ हे पोरांना पाठ असतं. पण त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, तोच क्लाइव्ह आणि तोच ॲडमिरल वॉटसन आपल्या विजयदुर्गावर होते हे कोणाला माहीत नसतं. इंग्रज त्याला घेरिया म्हणायचे. समुद्राच्या बाजूने इंग्रजांची जहाजं, जमिनीच्या बाजूने नानासाहेब पेशव्यांचं सैन्य, आणि मध्ये अडकलेला तुळाजी आंग्रे, कान्होजींचा मुलगा. आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. तुळाजीला पेशव्यांनी कैदेत टाकलं आणि तो कैदेतच मेला. वॉटसन-क्लाइव्ह पुढे बंगालकडे गेले, मग कोलकाता परत घेणं आणि प्लासी. म्हणजे प्लासीचा धडा सुरू व्हायच्या आधी त्यातली दोन मुख्य माणसं आपल्या वाघोटनच्या खाडीत येऊन गेलेली असतात.

हे सांगितलं की वर्गात पहिला प्रश्न येतोच, पेशवे इंग्रजांच्या बाजूने का? इथे घाई करून उत्तर देऊन टाकू नका, पोरांना भांडू द्या. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, खंडणी देत नव्हता, येणारीजाणारी जहाजं धरत होता, आणि पेशव्यांना वाटलं की इंग्रज कामापुरते वापरून घेऊ. त्याआधीच्या वर्षी, १७५५ मध्ये, सुवर्णदुर्गही असाच कमोडोर जेम्सने घेतला होता, आणि मोबदल्यात इंग्रजांच्या हाती बाणकोट लागलं. विजयदुर्ग नंतर पेशव्यांना परत मिळाला खरा, पण कान्होजींनी उभं केलेलं आरमार गेलं ते गेलंच. १८१८ ला तो किल्लाही इंग्रजांकडे. वसाहत म्हणजे बाहेरून कोणीतरी आला आणि सगळं गिळलं, एवढं सोपं नव्हतं हे पोरांना इथेच कळतं, त्यासाठी वेगळं भाषण लागत नाही.

आता भूगोल. पोरांना विचारा, हल्ला फेब्रुवारीतच का केला? ज्यांचे वडील-काका होडीवर जातात ती पोरं सगळ्यात आधी हात वर करतात, एरवी मागच्या बाकावर गप्प असतात ती. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद, शिडाच्या जहाजांना तर विचारूच नका, म्हणजे मोहीम काढायची तर पावसाळ्याआधी संपवायला हवी. दुसरा प्रश्न, किल्ला तिथेच का? नकाशा काढायला लावा. बाणकोट सावित्रीच्या तोंडावर, जयगड शास्त्रीच्या, विजयदुर्ग वाघोटनच्या, तेरेखोल तेरेखोलच्या. आपल्या नद्या सह्याद्रीवरून उतरतात, लांबीने आखूड, आणि हिमयुग संपल्यावर समुद्राची पातळी वाढली तेव्हा त्यांची खालची खोरी बुडाली, त्याच आपल्या खाड्या. भरतीचं पाणी आत घुसतं, त्या पाण्यावर गलबत आत जातं, आतल्या बंदरात माल उतरतो, तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढून वर. खाडीचं तोंड ज्याच्या हातात त्याच्या हातात जकात. पोरांना उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) कळतं, घरी रोज ऐकतात, तुम्ही फक्त त्याच्यापुढे अमावास्या-पौर्णिमा आणि अष्टमी लिहायची, भूगोलाची अर्धी तासिका झाली.

आणि तुम्ही लांज्याच्या म्हणून एक जवळचं सांगते. राजापूर. तिथे इंग्रजांची वखार होती, पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला तोफा पुरवल्या म्हणून शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये ती लुटली. आज राजापूरच्या पुलावर उभं राहून पोरांना विचारा, इथपर्यंत व्यापारी माल कसा यायचा? उत्तर गाळात आहे. डोंगर बोडके झाले, माती खाली आली, खाडी भरत गेली. धूप हा शब्द पुस्तकात आहे, तो इथे पायाखाली दिसतो.

वेळ कुठून आणायचा म्हणाल तर दोन तासिका जोडून घ्या, हेडमास्तरांना सांगा प्रकल्प आहे. प्रकल्प म्हटलं की सगळं मंजूर होतं.

प्रश्न : इंग्रजांनी लुटलं असं शिकवलं की काही पालक म्हणतात रेल्वे, पोस्ट, कोर्टं त्यांनीच दिली ना. कौतुक केलं की दुसरे पालक अंगावर येतात. काय शिकवू? (शिक्षक, चिपळूण)

रेल्वेचं उत्तर आपल्याकडे सगळ्यात सोपं आहे सर. पहिली गाडी बोरीबंदर-ठाणे १८५३ ला धावली, बोरघाटातून रेल्वे वर चढली १८६३ ला, कारण देशावरचा कापूस मुंबई बंदरात आणायचा होता. रत्नागिरीला गाडी कधी आली? कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ ला. पोरांना दोन्ही साल फळ्यावर लिहून द्या आणि मधल्या काळात रत्नागिरीत असं काय नव्हतं जे इंग्रजांना न्यायचं होतं, हे त्यांनाच शोधू द्या.

त्याच धाग्यात थिबा पॅलेस घ्या. ब्रह्मदेशचा राजा थिबा, १८८५ च्या युद्धात हरला, त्याला उचलून १८८६ ला रत्नागिरीत आणून ठेवला, राजवाडा १९१० ला बांधून झाला, १९१६ ला तो इथेच वारला. आणि आपला बहादूरशहा जफर रंगूनला. इथल्याला तिथे, तिथल्याला इथे. पोरांना विचारायचं, राजा लपवायला रत्नागिरीच कशी सुचली असेल? मागे सह्याद्री, रेल्वे नाही, पावसाळ्यात बोट बंद. उत्तर नकाशातच आहे.

पण खरी अवघड गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे खोती, गावचा सारा वसूल करायचा खोताचा वंशपरंपरेचा हक्क. ती इंग्रजांनी आणलेली नाही, आधीपासून होती, त्यांनी तिला कायद्यात बसवली, १८८० चा खोती सेटलमेंट ॲक्ट. कुळं राबायची, खोत वसूल करायचा, वर वेठ वेगळी. अलिबागजवळ चरीला शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला, जमीन पडीक ठेवली पण खोतासाठी कसली नाही, नारायण नागू पाटील पुढे होते. १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. प्रत्यक्ष कायदा झाला १९४९ ला, म्हणजे इंग्रज गेल्यावर. मग सांगा बघू, कुळाच्या दृष्टीने स्वातंत्र्य नक्की कधी आलं?

एक लक्षात ठेवा मात्र, तुमच्या वर्गात खोतांचा पणतू आणि कुळाचा पणतू एकाच बाकावर बसलेला असतो. आडनावं घेऊ नका. सातबारा वर्गात आणायला सांगू नका, घरोघरी केसेस चालू असतात आणि उगाच कोणाची तरी आई दुसऱ्या दिवशी शाळेत येते. पद्धत शिकवा, कोणाचं घराणं नको. हे मी नियम म्हणूनच सांगतेय.

प्रश्न : स्वातंत्र्यानंतरचा भाग म्हणजे पंचवार्षिक योजना, धरणं, राज्यांची पुनर्रचना. मुलगा म्हणतो बोअर आहे. घरी काय करता येईल? (पालक, देवगड)

धडा बोअर आहे हे त्याचं बरोबर आहे. त्याला घेऊन कोयनेवर बसा, म्हणजे नकाशा घेऊन.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, कराडला कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी जायला हवं बंगालच्या उपसागरात. पण धरण बांधून त्यातलं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं, कोकणच्या बाजूला जवळजवळ पाचशे मीटर खाली पाडलं, पोफळीला त्यावर जनित्रं फिरवली. वीज झाल्यावर ते पाणी वाशिष्ठीत, वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत, अरबी समुद्रात. नदीचं पाणी एका समुद्राऐवजी दुसऱ्या समुद्रात! सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट. सह्याद्रीचा कडा देशाकडून हलका उतरता आणि कोकणाकडे सरळ तुटलेला आहे म्हणून हे जमलं, हे मुलाला मातीत डोंगर करून दाखवा, आठवीचं पोरही मातीत खेळायला लाजत नाही.

मग दुसरी बाजू. धरणाखाली गावं गेली, त्यातली काही कुटुंबं खाली ठाणे-रायगडकडे वसवली. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगरला मोठा भूकंप झाला, धरणात साठलेल्या पाण्याचा आणि भूकंपांचा संबंध यावर तेव्हापासून जगभर अभ्यास चाललाय. देश उभा करायचा म्हणजे वीज कोणाला आणि घर कोणाचं गेलं, दोन्ही विचारायचं.

राज्यांच्या पुनर्रचनेसाठी आजोबा शोधा. तुमच्याकडचं निम्मं गाव मुंबईत गिरणीत होतं, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात कोणीतरी गेलेलं असणारच. १ मे १९६० नंतर लक्षात राहतो. आणि ते बोटीने मुंबईला कसे जायचे हेही विचारून घ्या. १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. ऐन पावसाळ्यात लोक बोटीने का जात होते हे कळलं की कोकण रेल्वेच्या करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

प्रश्न : नातवाला वाटतं १५ ऑगस्ट १९४७ ला सगळा देश एका दमात स्वतंत्र झाला. आम्ही तर गोव्याच्या सीमेवर वेगळंच बघितलं. (आजोबा, बांदा)

आजोबा, तुम्हीच शिकवा, पुस्तकापेक्षा बरं होईल. त्याला कोकणपट्टीचा कोरा नकाशा द्या आणि १९३० साली कोण कुठे होतं ते रंगवायला लावा. कुलाबा आणि रत्नागिरी जिल्हे इंग्रजांचे, मध्ये जंजिरा सिद्दीचं संस्थान, खाली सावंतवाडी संस्थान, त्याच्याखाली पोर्तुगीजांचा गोवा. चार रंग लागतात. त्याच वर्षी शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, इंग्रजांच्या हद्दीत, आणि तिथून पोर्तुगीज हद्द हाकेच्या अंतरावर. जंजिरा आणि सावंतवाडी विलीन झाली १९४८ ला. गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ ला गोवामुक्तीच्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, आणि गोवा मोकळा झाला १९ डिसेंबर १९६१ ला. त्याला पत्रादेवीच्या स्मारकापाशी घेऊन जा, तुमच्याकडून फार लांब नाही. तुम्ही काय बघितलं ते तिथे उभं राहून सांगा, मोबाईलवर रेकॉर्डही करू दे.

प्रश्न : बाई, ह्या सगळा शिकान पोरांका काय गावतला? (मालवण, नाव दिलेलं नाही)

नोकरी नाय गावाची, खरा सांगतंय. पण २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा वर पाऊस, खाली भरती आणि मधे वाशिष्ठी हे तीन एकत्र आले की पाणी कुठे चढतं हे ज्यांना माहीत होतं त्यांनी सामान आधी माळ्यावर टाकलं असेल. एवढं गावलं तरी पुष्कळ.

प्रश्न : बाई, स्थानिक वेळ कशाला शिकायची? मोबाईलमध्ये वेळ असतेच. (इयत्ता आठवी, गुहागर)

मोबाईल सांगतो ती वेळ तुझ्या गुहागरची नाहीच रे. ती ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्ताची, मिर्झापूरजवळून जाते ती. तू साधारण ७३.२ अंशावर राहतोस. फरक ९.३ अंशांचा, एका अंशाला ४ मिनिटं, गुणून बघ, ३७ येतील. म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा तुझ्याकडे सूर्य अजून डोक्यावर आलेलाच नसतो. ही सगळ्या देशाची एक वेळ इंग्रजांनी १९०६ ला लावली, पण मुंबईने ती सहज मानली नाही, तिथे ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत चालू होता. म्हणजे देश स्वतंत्र होऊन प्रजासत्ताक झाला तरी मुंबईची काही घड्याळं आपलीच वेळ दाखवत होती, याच्यावर सरांना एक प्रश्न विचार, जरा गडबडतील.

आणि करून बघ. नाताळच्या सुट्टीत, २५ डिसेंबरच्या आसपास, अंगणात काठी रोव, साडेबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण कर. सगळ्यात आखूड सावली १२ वाजून ३७ च्या आगेमागे पडेल. हाच प्रयोग नोव्हेंबरच्या सुरुवातीला केलास तर वेळ पाव तास आधी येईल आणि फेब्रुवारीत पाव तास उशिरा, कारण पृथ्वी सूर्याभोवती वर्षभर सारख्या वेगाने फिरत नाही आणि तिचा आस कललेला आहे. म्हणून डिसेंबरच धर. काठी एकदम सरळ हवी, शेजारी कोणी गवंडी असेल तर त्याचा ओळंबा मागून आण.