मेट्रोत कितीही गर्दी झाली तरी डबा खाली का बसत नाही?

स्वारगेटला डबा खचाखच भरला तरी फरशी प्लॅटफॉर्मच्या लेव्हललाच कशी राहते, हे विचारलंय ना, तर त्याचं कारण डब्याखालच्या एअर स्प्रिंगमध्ये आहे. प्रत्येक बोगीवर, म्हणजे चाकांच्या गाड्यावर, रबराच्या दोन जाड हवेच्या उशा असतात आणि सगळा डबा त्यांच्यावर बसलेला असतो. माणसं चढली की डबा जरासा दबतो, तेवढ्यात बाजूची छोटी दांडी हलते, व्हॉल्व्ह उघडतो आणि उशीत आणखी हवा भरली जाते, डबा परत जागेवर. माणसं उतरली की जास्तीची हवा बाहेर. म्हणून तर व्हीलचेअर सरळ आत जाते, आणि मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

खरी कमाल तर पुढेच आहे, उशीतल्या हवेच्या प्रेशरवरून गाडीला कळतं की डब्यात वजन किती आहे आणि त्या हिशोबाने ब्रेक आणि मोटरचा जोर ठरतो, त्यामुळे सकाळची भरलेली गाडी आणि दुपारची रिकामी गाडी जवळपास सारख्याच झटक्याने थांबते. ब्रेक लावताना मोटर जनरेटरसारखी चालते आणि वीज वरच्या तारेत परत जाते, आपल्याकडे स्वारगेट आणि वनाझ दोन्ही लाईनवर 25 हजार व्होल्टची तार आहे.

आणि दार अडवून उभं राहू नका प्लीज, सगळी दारं लॉक झाल्याचा सिग्नल मिळाल्याशिवाय गाडी हलतच नाही, एका बॅगेपायी सगळे खोळंबतात.