फाइल जाड, मूल ठणठणीत

प्रश्न : मॅडम, मी तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ आहे. तीन वर्षांच्या एका मुलाला आई ‘झटके येतात’ म्हणून सतत आणते. आम्ही कुणीच झटका पाहिलेला नाही. ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) दोनदा नॉर्मल. दोन औषधं चालू आहेत, आता ती तिसरं मागतेय. मनात नको ती शंका येते. काय करू?
— एक डॉक्टर, जि. सातारा

उत्तर : आईच मुलाचा आजार रचून सांगत असेल किंवा घडवत असेल, या शंकेची लाज वाटून घेऊ नका, पण लगेच बोलूनही दाखवू नका. ईईजी नॉर्मल असूनही फिट्स असू शकतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

माझ्याकडे चार वर्षांची एक मुलगी यायची. साखर एकदम खाली. तीन महिने मी दुर्मीळ आजार शोधत बसले, पोरीला उपाशी ठेवून तपासण्या केल्या. शेवटी साखर उतरलेली असतानाच रक्त घेतलं, तर इन्सुलिन भरमसाट आणि सी-पेप्टाइड जवळजवळ शून्य. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सी-पेप्टाइडही सोबतच तयार होतं, म्हणून दोन्ही बरोबरच वाढतात. म्हणजे हे बाहेरून टोचलेलं. आजीच्या इन्सुलिनची बाटली घरच्याच फ्रिजमध्ये होती. आई वॉर्डात सगळ्यांची लाडकी, सिस्टरना चहा आणून देणारी. त्या पोरीच्या हातावरच्या सुयांच्या खुणा मात्र बहुतेक माझ्याच.

म्हणून आई असं का करते, हे कोडं आधी सोडवत बसू नका. ते मानसोपचारतज्ज्ञ बघतील. आपण एवढंच बघायचं : सांगितलेलं आणि दिसलेलं जुळतं का, आणि आपल्या हातून मुलाला नको ते उपचार होताहेत का? केसपेपरवर ‘आई सांगते’ आणि ‘मी पाहिलं’ वेगवेगळं लिहा. आधीच्या डॉक्टरांना स्वतः फोन करा. आईने सांगितलेलं त्यांचं मत आणि त्यांचं खरं मत यांत कधीकधी जमीन-अस्मानाचा फरक निघतो. अंगणवाडीच्या ताईंनी झटका पाहिलाय का? वडिलांनी?

थोडा इतिहासही लक्षात असू द्या. 1977 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सचे बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशी दोन मुलं मांडली. एकीच्या लघवीच्या नमुन्यात आईच भेसळ करायची; दुसऱ्याला मीठ दिलं जायचं, तो दगावला. पुढे याच मेडोंनी कोर्टात एका घरात दोन बाळं नैसर्गिकरीत्या अचानक दगावण्याची शक्यता ‘7 कोटी 30 लाखांत एक’ असा चुकीचा हिशोब सांगितला. दोन बाळं गमावलेली सॅली क्लार्क 1999 मध्ये त्यांच्या खुनासाठी दोषी ठरली, 2003 मध्ये निर्दोष सुटली. तेव्हा एकट्याने निवाडा करू नका. मेडिकल कॉलेजातले सहकारी, न्यूरॉलॉजिस्ट, समाजसेवा अधीक्षक यांना एकत्र बसवा.

आईला एवढंच म्हणा, “ताई, झटका आम्हाला डोळ्यांनी बघायचाय, थोडे दिवस भरती ठेवू.” वॉर्डात औषधं सिस्टरच्याच हातून द्यायची, नमुने सिस्टरनेच घ्यायचे. चालू औषधं एकदम तोडू नका, न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने हळूहळू उतरवा. शंका पक्की होत गेली, तर आईला तोंडावर विचारण्याआधी बालकल्याण समितीला किंवा 1098 या चाइल्डलाइनवर कळवा. आधी विचारलंत, तर ती रात्रीतून मुलाला उचलून दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे जाईल, आणि तिथे फाइल पहिल्या पानापासून सुरू होईल.

आणि हो, तिसरं औषध लिहू नका.