‘विचार केला’ की ‘विचार आला’? छिन्नमनस्कतेच्या परिभाषेविषयी

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका प्राध्यापिकाबाईंनी विचारले आहे की, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या आणि आता मानसशास्त्र इंग्रजीतून वाचावे लागणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्या स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारावरील प्रकरणाची मराठी टिपणे करीत आहेत, तेव्हा त्यातील ‘कॉग्निटिव्ह एक्स्प्लनेशन्स’ला ‘संज्ञानात्मक स्पष्टीकरणे’ म्हणावे की आणखी काही. त्यांची दुसरी अडचण अशी की, या आजाराचे मराठी नाव ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द वाचून मुले ‘एका देहात दोन माणसे’ असा अर्थ घेतात, मग तो शब्द टाकून द्यावा काय.

पहिला प्रश्न त्या मानाने सोपा आहे. ‘संज्ञानात्मक’ हा शब्द मराठीत मुख्यतः हिंदीच्या वाटेने आला, आणि हिंदीत ‘संज्ञान लेना’ म्हणजे आपल्या भाषेत ‘दखल घेणे’. शिवाय मराठी कानाला ‘संज्ञा’ म्हणजे एक तर पारिभाषिक नाव किंवा शुद्ध, म्हणजे भान, जशी ‘संज्ञाहीन’ या शब्दात असते. त्यामुळे स्मरण, अवधान, अनुमान या व्यापारांविषयी बोलताना वाचक विनाकारण शुद्ध-बेशुद्धीकडे वळतो. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत रुळलेला ‘बोधनिक’ हा शब्द मला अधिक बरा वाटतो. ‘बोध’ म्हटले की कथेचे तात्पर्य आठवते हे खरे, पण ‘अर्थबोध’ आणि ‘दुर्बोध’ हे शब्द जाणणाऱ्या मुलांना ही अडचण फार वेळ छळणार नाही. ‘स्पष्टीकरण’ मात्र मी टाळीन, कारण ते आपल्याकडे कार्यालयात उशिरा येणाऱ्या कारकुनाकडून मागवले जाते. ‘कारणमीमांसा’ही येथे थोडी जास्त होते, कारण या विचारसरणीचा रोख आजार मुळात का जडला यापेक्षा त्याची लक्षणे मनात कशी घडतात यावर आहे. आनुवंशिकता आणि डोपामिन हे मेंदूतील रसायन यांची चर्चा त्याच प्रकरणात वेगळी येते. म्हणून ‘बोधनिक उपपत्ती’ असे लिहावे.

खरी गंमत लक्षणांच्या नावांत आहे. अनेक मराठी पुस्तकांत ‘डिल्यूजन’ला, म्हणजे समजावूनही न ढळणाऱ्या खोट्या खात्रीला, ‘संभ्रम’ म्हटलेले आढळते. बेळगावच्या विद्यार्थ्यासाठी याहून गैरसोयीचा शब्द शोधूनही सापडणार नाही. कन्नडमध्ये ‘संभ्रम’ म्हणजे आनंदसोहळा. सणासुदीला कन्नड वर्तमानपत्रांत ‘हब्बद संभ्रम’ असे मथळे येतात आणि तेच पान घरी मराठी बोलणारी मुलेही वाचतात. कन्नड बाजूला ठेवले तरी आपल्या रोजच्या मराठीत ‘मी संभ्रमात पडलो’ याचा अर्थ ‘हे की ते, काही ठरेना’ असाच होतो, आणि या आजारात जे घडते ते याच्या नेमके उलट असते. शेजारी आपल्या पाण्यात विष कालवतो अशी ज्याची खात्री पटलेली आहे, त्याला संशय शेजाऱ्याचा असतो, स्वतःच्या निष्कर्षाचा नव्हे.

बोधनिक उपपत्तींपैकी एक याच खात्रीवर उभी आहे. हक, गॅरेटी आणि हेम्सली या संशोधकांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मण्यांचा एक प्रयोग आहे. समजा, दोन बरण्यांत दोन रंगांचे मणी आहेत. एका बरणीत एका रंगाचे 85 आणि दुसऱ्या रंगाचे 15, तर दुसऱ्या बरणीत हेच प्रमाण उलटे. बरण्या नजरेआड ठेवून त्यांतील एकीतूनच एकेक मणी दाखवला जातो, आणि ही बरणी कोणती याची खात्री वाटेल तेव्हा ती व्यक्ती सांगते. असे भ्रम असलेले बरेच रुग्ण इतरांपेक्षा कमी मण्यांवर, कधी एका-दोन मण्यांवरच, निर्णय देऊन मोकळे होतात. संभ्रमात पडलेला माणूस आणखी मणी मागेल! म्हणून ‘भ्रम’ एवढाच शब्द ठेवावा. ‘भ्रमिष्ट’ हा त्याचा भाऊबंद मुलांच्या ओळखीचा आहेच, आणि कन्नडमधील ‘भ्रमे’ही येथे वाट चुकवत नाही. ‘गैरसमज’ चालणार नाही, कारण गैरसमज दूर करता येतो असे आपण भाषेतच गृहीत धरलेले आहे. ‘हॅल्युसिनेशन’साठी, म्हणजे नसलेले दिसण्या-ऐकू येण्यासाठी, पुस्तकी ‘विभ्रम’ आहे, परंतु जुन्या काव्यात विभ्रम नायिकेच्या डोळ्यांत असतात. त्यापेक्षा ‘भास’ हा घरचा शब्द पुरेसा आहे.

आता ‘छिन्नमनस्कता’. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 1908 मध्ये ‘दुभंगणे’ आणि ‘मन’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द घडवला. तेव्हा त्याच्या मनात दोन व्यक्ती नव्हत्या, तर विचार, भावना आणि वर्तन यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटणे होते. मराठी ‘छिन्न’ हे ‘स्किझो’चे इमानी भाषांतर आहे, आणि मूळ शब्दातील गैरसमजाची जागाही त्याने तितक्याच इमानाने सोबत आणली आहे. जपानी भाषेतही ‘मन दुभंगण्याचा आजार’ अशाच अर्थाचे नाव होते. तेथील मनोविकारतज्ज्ञांनी 2002 मध्ये ते बदलून ‘सांगड बिघडण्याचा विकार’ या अर्थाचे नाव स्वीकारले. आपल्याला तेवढे करण्याची गरज नाही. ‘छिन्न’ म्हणजे दोन तुकडे नव्हे, ‘छिन्नविच्छिन्न’मधला तुटलेपणा, एवढे एका वाक्यात सांगितले तर शब्द वाचतो.

तुटते नेमके काय, हे सांगायला मात्र आपली बोली परिभाषेपेक्षा सरस आहे. आमच्या गल्लीतील एक आजी, ज्यांना घरच्यांनी आधी देवऋषाकडे आणि पुष्कळ उशिरा धारवाडच्या दवाखान्यात नेले, एवढेच म्हणत असत, ‘‘कानात कोण तर बोलायलंय बघ.’’ ‘मी बोलायलोय’ नव्हे, ‘कोण तर बोलायलंय’. क्रियापद आहे, कर्ता बेपत्ता आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फ्रिथ यांनी 1992 मध्ये मांडलेली उपपत्ती नेमकी या बेपत्ता कर्त्याविषयी आहे. आपण काही करू किंवा मनात बोलू लागलो की त्याची वर्दी मेंदूत आधीच पोहोचते, आणि म्हणूनच ते ‘आपले’ वाटते. ही वर्दी चुकली तर स्वतःचेच अंतर्गत बोलणे परक्याचे वाटू लागते. आपल्याच हाताने आपल्याला गुदगुल्या होत नाहीत याचे कारणही हेच मानतात, आणि असे आवाज ऐकणाऱ्या रुग्णांना स्वतःचा स्पर्श दुसऱ्याच्या स्पर्शाइतकाच तीव्र जाणवतो, असे 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले.

मराठीत ‘मी विचार केला’ आणि ‘माझ्या मनात विचार आला’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, आणि कन्नडमध्येही ‘ननगे अनिसितु’, म्हणजे ‘मला वाटले’, असेच म्हणतात. निरोगी माणूसही दिवसभरात कितीतरी विचार ‘करत’ नाही, ते त्याला ‘येतात’. त्यामुळे कोणाच्या व्याकरणावरून निदान करू नये. फरक इतकाच की आपल्या वाक्यात ‘माझ्या मनात’ हे शब्द शिल्लक असतात. फ्रिथ यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या आजींच्या वाक्यातून गळाले ते तेवढेच.

तेव्हा प्रकरणाला ‘छिन्नमनस्कतेच्या बोधनिक उपपत्ती’ असा मथळा द्यावा, लक्षणांना ‘भास’ आणि ‘भ्रम’ म्हणावे. मण्यांच्या प्रयोगातील त्या घाईसाठी ‘जंपिंग टू कन्क्लूजन्स’ या इंग्रजी नावाचे ‘निष्कर्षावर उडी’ असे शब्दशः भाषांतर काही ठिकाणी वाचायला मिळते, पण मराठीत उडी विहिरीत मारतात. तेथे ‘उतावळा निष्कर्ष’ लिहावे.