झेब्रा माशाची मादी फुगते, मग पिल्लं का दिसत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की दोन फुटी टँकमध्ये सहा झेब्रा आहेत, मादीचं पोट टम्म फुगतं, मग एकदम बसतं, पण पिल्लू एकही दिसत नाही. अहो, म्हणजे बहुतेक अंडी घालून झालीयेत आणि त्याच माशांनी ती खाऊनही टाकलीयेत! झेब्रा हे गप्पी-मॉलीसारखे थेट पिल्लं देणारे नाहीत, अंडी पाण्यात सोडून देतात आणि वळून तीच टिपून खातात. त्यामुळे अंडी घालायला लावण्याची काळजी सोडा, सगळा खटाटोप अंडी वाचवण्याचा आहे.

त्यासाठी वेगळा छोटा टँक लागेल, नाहीतर दहा-पंधरा लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा चालेल. जुन्याच टँकचं पाणी वीतभर भरा आणि तळाला पोरांच्या खेळायच्या काचेच्या गोट्यांचे दोन थर द्या. अंडं जेमतेम मिलिमीटरभर असतं, चिकट नसतं, त्यामुळे ते घरंगळत गोट्यांच्या फटीत जातं आणि माशाचं तोंड तिथे पोचत नाही. लॅबमध्येही हेच तत्त्व वापरतात, फक्त गोट्यांऐवजी जाळीचा तळ असतो.

त्याआधी आठवडाभर नर-मादी वेगळे ठेवा आणि चांगलं खायला घाला, नुसत्या कोरड्या दाण्यांवर नको, डासांच्या अळ्या किंवा फ्रोजन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) मिळाले तर फारच छान. नर सडपातळ असतो आणि त्याच्या पट्ट्यांमध्ये सोनेरी झाक असते, मादी जास्त चंदेरी आणि पोटाला गोल. संध्याकाळी एक मादी, दोन नर त्या डब्यात सोडा, वर झाकण ठेवा कारण हे मासे उड्या मारतात, आणि रात्री पूर्ण अंधार करा, नाइट लॅम्पसुद्धा नको. सकाळी उजेड पडला की नर मादीच्या मागे लागतात, डब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती पळापळ, आणि पहिल्या एक-दोन तासांत काम उरकतं. मग लगेच मोठे मासे बाहेर काढा, इथे आळस केलात तर सगळं मुसळ केरात.

हा मूळचा आपल्याच भागातला मासा, १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांवर लिहिताना याचं पहिलं वर्णन केलं. पावसाळ्यात उथळ, संथ पाण्यात तो अंडी घालतो. म्हणून मासे ऐकतच नसतील तर आदल्या संध्याकाळी थोडं गार, क्लोरीन नसलेलं पाणी घाला, त्यांना पाऊस पडल्यासारखं वाटतं, बरेचदा तेवढ्याने जमून जातं.

आता अंडी. पांढरी पडलेली फुकट गेली, ती ड्रॉपरने काढून टाका, नाहीतर बुरशी बाजूच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. बाकीची काचेसारखी आरपार असतात. पाणी २८ डिग्रीच्या आसपास असेल तर साधारण २४ तासांनी हृदय धडधडायला लागतं, चांगलं भिंग असेल तर दुसऱ्या दिवशी नक्की बघा, घरात पोरं असतील तर त्यांनाही दाखवा, इतक्या बारीक जिवाचं काळीज चालताना बघण्यासारखं दुसरं काही नाही हो!

दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पण तेव्हा त्यांना खायला घालू नका, ती काचेला चिकटून असतात आणि पोटातल्या बलकावरच जगतात. पाचव्या दिवसाच्या सुमारास आडवी पोहायला लागली की खाणं सुरू. बहुतेकांची पिल्लं इथेच मरतात, कारण तोंड इतकं लहान असतं की बाजारातल्या पावडरचा कणही मोठा पडतो. त्यांना इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव, लागतो आणि तो आयत्या वेळी होत नाही, म्हणून नर-मादी वेगळे कराल त्याच दिवशी बरणीत टँकचं पाणी घेऊन त्यात कोबीचं उकडलेलं पान टाका आणि खिडकीत ठेवा. आधी पाणी गढूळ होईल, वास येईल, येऊ दे, नंतर निवळायला लागलं की दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून देतात लोक, चालतो, पण पाणी फार लवकर नासतं, म्हणून अगदी कणभरच. आठवड्याभराने आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची) ताजी पिल्लं खाऊ शकतील.

फिल्टर फक्त स्पंजचा लावा, बाकीचे पिल्लं ओढून घेतात. आणि मोठ्यांच्या तोंडात मावणार नाहीत एवढी होईपर्यंत त्यांना मोठ्या टँकमध्ये अजिबात सोडू नका.