एका फुंकरीतून आजार ओळखता येतो का? मग अशा तपासण्या सगळीकडे का होत नाहीत?

ओळखता येतो, पण मोजक्याच आजारांत. आणि घोडं अडतं ते बहुतेकदा यंत्रापाशी नाही, फुंकर गोळा करताना.

उच्छ्वासात नायट्रोजन, ऑक्सिजन, 4-5 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि वाफ हेच जवळजवळ सगळं. आजाराचा माग देणारी सेंद्रिय संयुगं पीपीबीत, म्हणजे अब्जात काही भाग, किंवा त्याहूनही कमी. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी 1971 साली अशी सुमारे 250 संयुगं दाखवली, तरी रुळलेल्या तपासण्या आजही थोड्याच आहेत.

त्यातली सगळ्यात भरवशाची म्हणजे पोटातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची. कार्बन-13 (कार्बनचा जरा जड, किरणोत्सर्गी नसलेला प्रकार) असलेला युरिया (बहुधा 75 मिलिग्रॅम) पाण्यातून देतात. जिवाणू असेल तर तो युरिया फोडतो आणि हा कार्बन श्वासातून बाहेर येतो. एक फुंकर आधी, एक साधारण 30 मिनिटांनी. निकाल दोन्हींतल्या फरकावर. ओमेप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या 2 आठवडे आणि अँटिबायोटिक 4 आठवडे बंद नसेल, तर दबलेला जिवाणू सापडत नाही आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. (गोळ्या डॉक्टरांना विचारूनच थांबवा.)

दम्यात नायट्रिक ऑक्साइड मोजतात; श्वासनलिकांच्या सुजेचा माग देणारा हा वायू. सेकंदाला 50 मिलिलिटर वेगाने, थोड्या अडथळ्याविरुद्ध, सलग 10 सेकंद फुंकायचं. अडथळा कशाला? त्या दाबाने मऊ टाळू वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद होते. नाकातल्या हवेत हा वायू कितीतरी पट जास्त असतो. ती मिसळली की आकड्याला अर्थ उरत नाही. जोरात फुंकलं तर आकडा उगाच कमी दिसतो, कारण हवा श्वासनलिकांच्या भिंतीपाशी कमी वेळ राहते. प्रौढांत 25 पीपीबीखाली कमी, 50 च्या वर जास्त धरतात. धूम्रपानाने तो उतरतो, नायट्रेटवाल्या पालेभाज्यांनी चढतो. स्पायरोमेट्री (जोरात फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणी) असेल तर ती यानंतर करा.

बाकी संयुगांसाठी नमुना टेडलार नावाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन टेनॅक्स ही शोषक पूड भरलेल्या नळीत शोषून घेतात आणि नळी तापवून गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे संयुगं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रावर, चालवतात. खरी मेहनत इथे आहे. सुरुवातीची सुमारे 150 मिलिलिटर हवा तोंड आणि श्वासनलिकेतली असते, तिचा रक्ताशी संबंधच आलेला नसतो. म्हणून कार्बन डायऑक्साइडचा आलेख वर जाऊन स्थिरावला की मगच झडप उघडायची. पिशवी स्वतः फिनॉल सोडते; वापरण्याआधी ती शुद्ध नायट्रोजनने अनेकदा धुवा. थंड पिशवीच्या भिंतीवर वाफेचे थेंब धरले की अ‍ॅसिटोन, इथेनॉल त्यात विरघळतात, म्हणून पिशवी शरीराच्या तापमानाला ठेवा आणि काही तासांतच नमुना नळीत घ्या. सॅनिटायझर चोळलेल्या हाताने तोंडी नळी धरली, तर त्यातल्या आयसोप्रोपॅनॉल या अल्कोहोलचा आलेखात असा उंच सुळका उभा राहतो की शेजारचं काही दिसत नाही. खोलीतल्या हवेचा नमुना तुलनेसाठी प्रत्येक वेळी सोबत घ्यायलाच हवा.

माणसाची अवस्थाही तितकीच बोलते. जिने चढून आलेल्याच्या श्वासातलं आयसोप्रीन हे संयुग काही पटींनी उसळतं, म्हणून आधी दहा मिनिटं तरी बसवा. उपाशीपोटी अ‍ॅसिटोन वाढतं, त्यामुळे एकट्या अ‍ॅसिटोनवरून मधुमेह ठरवू नये.

कर्करोगाच्या बातम्या मला इथेच खटकतात. रुग्णांचे नमुने वॉर्डात आणि निरोग्यांचे दुसऱ्या खोलीत घेतले, तर संगणक आजाराऐवजी खोलीचा वास शिकतो, आणि अचूकता मात्र झकास दिसते. अशी बातमी वाचली की एवढं शोधा: दोन्ही गटांचे नमुने एकाच जागी, त्याच पद्धतीने घेतले होते का, आणि तीच पद्धत दुसऱ्या केंद्रातल्या, आधी न पाहिलेल्या नमुन्यांवर टिकली का.