मुलांच्या चित्रपुस्तकासाठी पहिल्यांदाच बहुसांस्कृतिक गोष्ट पाठवतेयस ना, मग हे वाच

अगं, बहुसांस्कृतिक गोष्ट म्हणजे चार धर्मांची चार मुलं हात धरून उभी करायची असं नाही. आपल्या नाशकातलंच घे ना, रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जमिनीतला जुना हौद, उघडतात, तिथे धप्पा मारायला, म्हणजे त्यात उडी घ्यायला निघालेला एक पोरगा आणि शेजारी सुरगाण्याहून नुकतीच राहायला आलेली, घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी मुलगी, तिला रहाड म्हणजे काय हेच माहीत नाही, झाली की गोष्ट सुरू! फक्त तिच्या बोलीतले शब्द तिच्याच लोकांना विचारून घाल, अंदाजाने अजिबात नको. चित्रपुस्तक बहुतेक वेळा 32 पानांचं असतं, त्यामुळे 500 शब्दांच्या आसपास बसव आणि पाच वर्षांच्या पोराला मोठ्याने वाचून दाखव, ते जिथे चुळबुळ करेल ती ओळ काप. वयोगट, शब्दमर्यादा मात्र जिथे गोष्ट पाठवतेयस त्यांच्या नियमात नीट बघ.