मानेच्या सज्जात चार शवपेट्या

प्रश्न : बेल्जियन चित्रकार रने माग्रितच्या एका चित्रात सज्जात शवपेट्या उभ्या आहेत. मानेच्या चित्राची ही थट्टा समजायची का? (एक वाचक, सांगली)

थट्टेचा अंश आहे, पण तेवढ्यावर सोडू नका. आधी मूळ चित्र बघा. माने म्हणजे आपल्याकडचे आडनावाचे माने नव्हेत, पॅरिसचा एदुआर माने. त्याच्या 1868-69 च्या 'सज्जा'मध्ये चित्रकार बर्थ मोरिसो बसली आहे, व्हायोलिनवादक फॅनी क्लाउस आणि निसर्गचित्रकार आंत्वान गियेमे उभे आहेत, आणि मागच्या अंधारात मानेच्या पत्नीचा मुलगा लेऑं लेनहॉफ जेमतेम दिसतो. माग्रितने 1950 मध्ये हिरवा कठडा, हिरवी झडपं, हायड्रेंजियाची कुंडी ठेवली आणि चार माणसांच्या जागी चार शवपेट्या आणल्या. हे चित्र बेल्जियममध्ये गेंटच्या संग्रहालयात आहे.

शवपेट्या तिथे शोभतात, त्याचं कारण मानेनेच पेरून ठेवलंय. पुढचे तिघे तीन दिशांना बघतात, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. हा ताठरपणा 1869 च्या प्रदर्शनात अनेकांना खटकला होता. फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फूकोने 1966 मध्ये पत्रातून विचारलं, तेव्हा सज्जाची ती मांडणी शवपेट्या ठेवायला योग्य होती, अशा अर्थाचं उत्तर माग्रितने दिलं. गूढार्थ शोधणारे यावर हिरमुसतात. आम्हाला ते पटतं. शिवाय मानेनेही ही कल्पना स्पॅनिश चित्रकार गोयाच्या सज्जातल्या स्त्रियांवरून घेतली होती, म्हणजे उसनवारी दुहेरी.

प्रश्न : त्या चारांतली एक पेटी बसलेली कशी दिसते?

डावीकडची पेटी कंबर आणि गुडघा अशा दोन ठिकाणी मुडपली आहे, म्हणून ती बसलेली वाटते. माग्रितच्याच 1951 च्या 'मादाम रेकामिए'मध्ये पेटीला एकच मोड पुरतो, कारण ज्यावरून ते काढलं त्या फ्रेंच चित्रकार दाविदच्या 1800 सालच्या चित्रात ती बाई कोचावर पाय पसरून टेकली आहे.

प्रश्न : कलाविद्यालयातल्या स्वाध्यायासाठी 'सज्जा'वर असाच प्रयोग करतोय. कॅनव्हास 45 × 60 सेंमीचा आहे. रेखाटन जुळतच नाही.

बहुधा तुम्ही प्रिंट ताणून बसवली असेल. मूळ चित्र 170 × 124.5 सेंमीचं, म्हणजे 45 रुंदीला उंची साधारण 61.5 हवी. ताणाताण न करता कापा : 15 सेंमी रुंद प्रिंट काढली की उंची 20.5 येते, त्यातला अर्धा सेंमी वरून उडवा. प्रिंटवर 2.5 सेंमीचे आणि कॅनव्हासवर 7.5 सेंमीचे चौकोन आखा. दोन्हीकडे 6 × 8, म्हणजे 48 येतील. माग्रितचा कॅनव्हासही 80 × 60चा, त्यामुळे त्यालाही उंचीत दोनेक सेंमी सांभाळून घ्यावे लागले असणार.

रंगवताना आधी आतला अंधार, मग पेट्या, कठडा सगळ्यात शेवटी. खालचा काळा ओला असताना हिरवी रेघ ओढली की ती मळकी होते. पातळ थरालाही हाताला न लागण्याइतकं सुकायला पाच-सात दिवस द्या. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ करा, वरच्यांत जवसाचं तेल वाढवत न्या. उलट केलंत तर वरचा थर तडकतो.

दुसरी नेहमीची चूक उजेडाची. मानेचा उजेड समोरून सपाट पडतो. विद्यार्थी पेटीला सवयीने बाजूचा उजेड देतात, मग ती चिकटवल्यासारखी दिसते. आणि बदल एकच करा. पेट्याही आणल्या, मागचा अंधारही बदलला, कुंडीही उडवली, तर मानेची आठवणच राहत नाही.

प्रश्न : माग्रितच्याच चित्रावरून पोस्टर छापून विकलं तर चालेल का?

परवानगीशिवाय नाही. तो 1967 मध्ये वारला. भारतात स्वामित्वहक्क मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे 2027 अखेरपर्यंत. युरोपात 70, म्हणजे 2037 अखेर. माने 1883 मध्ये आणि राजा रविवर्मा 1906 मध्ये वारले, त्यांची चित्रं वापरायला मोकळी आहेत. मात्र फोटो कुणी काढलाय आणि संग्रहालयाच्या अटी काय आहेत, ते तपासा.